घोषणेचं मागचं अर्धं

इस्पितळाच्या धुलाईघरात दोनच प्रकारची माणसं टिकतात. ज्यांना वास येत नाही ती, आणि ज्यांना राग येतो ती. भोंगाबाई दुसऱ्या प्रकारातली. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. पाळी संपल्याचा भोंगा एकदा बिघडला, मुकादमानं हिला म्हटलं, जरा ओरड, आणि हिनं अशी हाक दिली की वरच्या मजल्यावरून, थेट शस्त्रक्रियेच्या खोलीतून निरोप आला, सुट्टी झालीच असेल तर आम्हीही निघतो. भोंगा पुढे दुरुस्त झाला, पण नाव बाईला चिकटलं ते चिकटलंच.

शाळा तिनं सोडली की शाळेनं तिला, यावर घरात दोन मतं होती. वाचायला ती मोर्च्यांतल्या फलकांवरून शिकली. त्यामुळे तिचं अक्षर फलकाएवढंच मोठं. रजेचा अर्ज लिहायला कागदाचा गठ्ठा लागायचा आणि शेवटच्या कागदावर फक्त ‘कळावे’ मावायचं. नवरा शांत माणूस. बायको आणि बहीण यांच्या मधोमध राहून आपण बहिरे झालो असं तो सांगे. डॉक्टरांना त्याच्या कानात काहीही सापडलं नव्हतं.

ती बहीण म्हणजे वन्सं, भोंगाबाईची नणंद. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच धुलाईघरात राबायच्या आणि एकाच टेबलाशी उभ्या असायच्या. एवढं असूनही एकमेकींचा जीव घेतला नाही, याचं श्रेय शेजारीपाजारी नवऱ्याच्या बहिरेपणाला देत. भोंगाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. वन्सं दुखऱ्या दाढेखाली लवंग धरून असायच्या, म्हणून बोलायच्या कमी. जे बोलायच्या ते लवंगेसारखंच झोंबायचं.

कामाची रीत अशी. मळके कपडे वरून घसरणीतून खाली येतात, धुलाईयंत्रात फिरतात, मग पिळून निघतात, मग गरम रुळांमधून पापडासारखे सपाट होऊन बाहेर पडतात. शेवटी घडी. इस्पितळाची चादर एकट्या माणसाच्या हातात मावत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागं सरून ताणायची, एक झटका द्यायचा आणि चालत एकमेकींकडे येऊन टोकाला टोक भिडवायचं. दिवसभर हेच. दूर जा, झटका, जवळ ये. नवराबायकोंची आयुष्यं याच चालीवर निघून जातात, पण त्यांच्या चादरींची घडी अशी नेटकी बसत नाही.

भोंगाबाईच्या घोषणा जन्मल्या त्या या चालीवर. मागं सरताना ती पुढचं अर्धं म्हणायची, “साहेब बसले गार हवेत”. टोकं जुळवायला येताना वन्सं लवंग गालात सरकवून मागचं अर्धं टाकायच्या, “आम्ही उकडलो गरम वाफेत”. यमक जुळलं की घडी सरळ बसायची. नाही जुळलं की चादर तिरकी आणि मुकादम वाकडा. या टेबलावरून उठलेल्या घोषणा बसचालकांच्या संपात गेल्या, मास्तरांच्या मोर्च्यात गेल्या, पाण्यासाठी निघालेल्या बायकांच्या तोंडी बसल्या. सगळीकडे माइक भोंगाबाईच्या हातात. पुढचं अर्धं ती म्हणायची आणि मागचं अर्धं गर्दी. त्या गर्दीत कुठंतरी वन्संही असायच्या, पिशव्या सांभाळत.

घोषणा कुणाची, असं कुणी विचारलं तर भोंगाबाई म्हणायची, लोकांची. म्हणताना हात मात्र स्वतःच्या छातीवर ठेवायची. घोषणेला मालक असला की ती जाहिरात होते, हे तिचं आवडतं वाक्य. टाळ्या पडायच्या. ते वाक्य तरी तिचं एकटीचं होतं.

मग धुलाईघराचा ठेका द्यायचं निघालं. बाहेरचा ठेकेदार यंत्रं आणणार, आपली माणसं आणणार, आणि इथल्या बायकांचं काय, तर त्यांचा ‘सहानुभूतीनं विचार’ होणार. ज्यांचा सहानुभूतीनं विचार झाला अशी माणसं भोंगाबाईनं पाहिली होती. ती कोपऱ्याकोपऱ्यावर रिकाम्या पिशव्या घेऊन उभी असतात. निर्णयाआधी इस्पितळाच्या आवारात जाहीर सुनावणी होती. ज्याच्या बाजूनं जास्त लोक बोलतील त्याचं ऐकू, असं अधीक्षक म्हणाले. ते नेहमीच असं म्हणायचे, आणि नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकायचे. म्हणजे भोंगाबाई निवांत होती. आवाजाची तिला काय ददात.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात ठेकेदाराची ध्वनिक्षेपकाची गाडी फाटकासमोरून गेली. गाडीत माणूस नव्हताच. बाईचा आवाज होता, इतका गुळगुळीत की त्यावरून माशी घसरावी. आवाज म्हणाला, “साहेब बसले गार हवेत, निर्णय घेतील योग्य वेळेत.”

भोंगाबाईच्या हातातलं गाठोडं तिथंच पडलं. गाडी वळली, पुन्हा आली. “चादर आमची, घाम आमचा, संकल्प नव्या कामाचा.” आणि मग तिची सगळ्यात लाडकी, जी ऐकून गावातल्या सगळ्या ठेकेदारांनी कधी ना कधी मान खाली घातली होती ती. “आला आला ठेकेदार, उघडा प्रगतीचं दार.”

आपलं पोर दुसऱ्याच्या गाडीत बसून आपल्यालाच शिव्या देत गेल्यासारखं झालं तिला. चोर पाहिले होते तिनं. पण घरातलीच काठी उचलून घरच्याच डोक्यात घालणारा हा पहिलाच.

ती तशीच ओल्या पदरानं ठेकेदाराच्या कचेरीत गेली. काचेच्या दारावर लिहिलं होतं ‘कल्पकता-प्रमुख’. आत एक तरुण होता. त्याची खुर्ची गोल फिरायची आणि बोलणंही. भोंगाबाईनं मनातल्या मनात त्याचं नाव कल्पक ठेवलं.

तिचं म्हणणं त्यानं हसतमुखानं ऐकून घेतलं. घोषणा आपण लिहिल्याच नाहीत, त्या मशीननं दिल्या, असं तो म्हणाला. आपण फक्त सांगितलं, धुलाईघराविषयी लोकांच्या मनाला भिडेल असं काहीतरी दे. आणि मशीननं कुठून आणल्या? तर कंपनीनं मोर्च्यांचे, सभांचे, कसले कसले हजारो व्हिडिओ मशीनला ऐकवले होते. सगळे तुमच्याच लोकांनी चढवलेले, फुकट बघायला मिळणारे. त्यातला गोंगाट आधी काढून टाकतात, फक्त शुद्ध आवाज ठेवतात, मग मशीन शिकतं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, जणू यानंच मशीनला बोट धरून बालवाडीत सोडलं होतं.

“म्हणजे माझ्याकडून शिकलं,” भोंगाबाई म्हणाली.

“सगळ्या जगाकडून शिकलं, मावशी.”

“जगाच्या घशाला नाही रे त्रास होत. मला गुळण्या कराव्या लागतात.”

कल्पक समजुतीनं म्हणाला की घोषणेवर कुठं कुणाचं नाव असतं, तुम्हीच तर म्हणता लोकांची. मालक असला की जाहिरात होते, हे तिचं टाळ्यांचं वाक्यही मशीननं ऐकलं होतं, आणि कल्पकानं ते बरोबर काढलं. मग मन मोठं करून त्यानं तिला त्या मशीनचं महिनाभराचं फुकट सभासदत्व देऊ केलं. घरबसल्या घोषणा बनतील, घसाही बसणार नाही. टेबलावर छापील कागद होता, सुनावणीला आणायच्या लोकांना वाटायचा. तिच्या घोषणा, खाली मशीनची शेपटं, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात ‘सर्व हक्क राखीव’. जगाकडून घेताना जग सगळ्यांचं. छापून झालं की हक्क राखीव. आयत्या बिळात नागोबा शिरतो हे ठाऊक होतं, पण दारावर आपली पाटी लावणारा नागोबा तिनं आज पाहिला.

तिथून ती संघटनेच्या वकीलबाईंकडे गेली. सोबत वन्सं होत्या, कारण परतताना औषध घ्यायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या की प्रकरण अवघड आहे. दोन ओळींच्या चिजेवर कायदा सहसा हक्क धरू देत नाही. आणि मशीननं शिकणं म्हणजे नक्कल करणं की नाही, यावर मोठमोठी माणसं अजून भांडतायत. तरी नोटीस देऊ, निदान सुनावणीत तरी वापरू नयेत म्हणून. त्यांनी लिहायला घेतलं आणि विचारलं, घोषणा तुम्ही एकट्यानं रचल्या?

“एकटीनं,” भोंगाबाई म्हणाली. श्वासही न घेता.

वन्संनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “आणि मागचं अर्धं?” त्या म्हणाल्या. “ते मशीननं?”

भोंगाबाई म्हणाली, अहो वन्सं, ही घरची गोष्ट आहे, कागदावर कशाला. वन्सं म्हणाल्या, मग पुढचं अर्धंही घरातच ठेवायचं, माइकवर कशाला नेलं. वकीलबाईंनी पेन ठेवून दिलं. दोन रचणाऱ्या असतील तर दोघींच्या सह्या लागतील, त्यांनी सांगितलं. वन्सं उठल्या. औषधाचं दुकान बंद होईल म्हणाल्या आणि निघून गेल्या. नोटीस तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी वन्सं रुळांच्या यंत्राकडे काम मागून घेऊन उभ्या राहिल्या. घडीच्या टेबलाशी भोंगाबाई एकटी. तिनं चादरीची दोन टोकं खिळ्याला अडकवून पाहिली. खिळा ताण देतो, पण चालत जवळ येत नाही. घड्या अशा बसल्या की वॉर्डातून विचारणा झाली, चादरी पाठवल्यात की समोसे. ती सकाळपासून फुरंगटून होती. मनात एकच पालुपद, एवढ्या तेवढ्या शेपटीसाठी इतका रुसवा? गाडीला इंजिन लागतं, मागचा डबा कुणी बघत नाही. आणि सुनावणी तर तोंडावर आलेली.

जेवणाच्या सुट्टीत भोंगाबाई वॉर्डातल्या सिस्टरपुढे रडगाणं गात बसली होती. सिस्टरच्या मोबाइलवर ते मशीन होतं. सिस्टर म्हणाली, बघू तरी याला किती येतं. तिनं लिहिलं, आला आला ठेकेदार, याच्या पुढे काय? मशीननं क्षणात उत्तरांचा ढीग ओतला. विकासाचा शिलेदार. स्वच्छतेचा पहारेदार. रोजगाराचा दावेदार. सिस्टर परत परत विचारत राहिली, मशीन परत परत ओतत राहिलं. मशीनला न येणं माहीतच नसतं, माणसांतल्या विद्वानांसारखं. पण वन्संचं ‘खिसे धरा, लावा दार’ एकदाही आलं नाही. ‘गरम वाफेत’ आलं नाही. ‘चादर आमची, घाम आमचा’ला वन्संनी लावलेलं ‘मलिदा सांगा कुणाचा’ तेही नाही.

भोंगाबाई आधी खदखदून हसली, म्हणजे चोरानं पेटी नेली आणि किल्ली इथंच. मग एकदम तिचं हसू थांबलं. कल्पकाचं बोलणं आठवलं. गोंगाट आधी काढून टाकतात. माइक तिच्या तोंडाशी होता, म्हणून ती शुद्ध आवाज. मागचं अर्धं गर्दीतून यायचं, वन्संच्या तोंडून, बसचालकांच्या, मास्तरांच्या, पाणीवाल्या बायकांच्या. मशीनच्या लेखी तो सगळा गोंगाट. आणि काल वकीलबाईंसमोर तिनं स्वतः काय केलं होतं? गोंगाट काढून टाकला होता. मशीनला निदान कंपनीनं शिकवलं होतं. ही आपली आपण शिकली होती.

माफी मागायची सवय तिच्या जिभेला नव्हती. ती रुळांपाशी गेली, एक गरम चादर ओढली आणि म्हणाली, “वन्सं, टोक धरा.”

“कशाला?”

“मला मागचं अर्धं येत नाही. त्या मशीनलाही.”

वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुलाही येत नाही, मशीनलाही येत नाही. एकाच शाळेतून पळालात वाटतं.”

पण टोकं धरली. पहिली घडी तिरकीच बसली. दोघींनी ती उलगडून पुन्हा घातली.

सुनावणीच्या दिवशी आवार भरलं. अधीक्षक मांडवाखाली, शेजारी ठेकेदार, दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली आणि जुनी मैत्री. कल्पक स्वतः माइक घेऊन गाडीवर चढला होता. गुळगुळीत बाईपेक्षा जिवंत माणूस बरा, असा बहुधा मशीननंच सल्ला दिला असावा. त्याच्यापुढे भाड्यानं आणलेली गर्दी. आता भाड्याची गर्दी काही परदेशातून येत नाही. ती याच गल्ल्यांतली. कुणी बसचालकांच्या संपात चाललेला, कुणी पाण्याच्या मोर्च्यात हंडा वाजवलेली. आज एका जेवणावर इकडे उभी. हातात छापील कागद होते, आणि त्यांतले निम्मे उलटे धरलेले.

भोंगाबाईच्या हातातही माइक होता. तिचा बेत सरळ होता, कल्पकाचा आवाज चिरडून टाकायचा. वन्संनी तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “त्याला म्हणू दे.”

भोंगाबाईच्या आयुष्यातली ही पहिली सभा, जिथं ती तोंड मिटून उभी होती. धुलाईघराच्या बायकांना तर वाटलं, हिला बरं नाही.

कल्पकानं घसा साफ केला. “साहेब बसले गार हवेत,” तो म्हणाला. गर्दी जरा चाचपडली. कुणी कागदाकडे पाहिलं, कुणी शेजाऱ्याकडे. ‘योग्य वेळेत’ असं काहीतरी पुटपुटलं गेलं आणि त्याच वेळी मागून कुठून तरी ‘गरम वाफेत’ आलं. अधीक्षकांनी मान वर केली. कल्पकाला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्यानं सगळा जीव गोळा केला, थेट भोंगाबाईची चाल उचलली, तिच्यासारखाच शेवटचा शब्द वर ओढला आणि हात हवेत फेकला.

“आला आला ठेकेदार!”

कागद वाचायला डोळे लागतात. घोषणेला डोळे लागत नाहीत. ती चाल कानात गेली आणि वर्षानुवर्षं जे तोंडातून बाहेर पडत आलं तेच पडलं, भाड्याच्या आणि बिनभाड्याच्या सगळ्या तोंडांतून एकदम. खिसे धरा, लावा दार. दोघातिघांनी तर सवयीनं खिसेही धरले. कल्पक हादरला आणि माणूस हादरल्यावर जे करतो तेच त्यानं केलं. तेच पुन्हा म्हटलं, आणखी जोरात. खिसे धरा, लावा दार. फाटकावरचा पहारेकरी जुना माणूस. ही घोषणा झाली की मोर्चा आत घुसतो आणि आपण फाटक लावायचं, एवढं त्याला आजवरच्या नोकरीनं शिकवलेलं. त्यानं लावलं. ठेकेदाराची नवीकोरी यंत्रं दाखवायला आणलेला टेम्पो बाहेरच राहिला आणि भोंगा वाजवत बसला.

हसू पहिल्यांदा फुटलं ते ठेकेदाराच्या माणसांतच. मग आवरेना. अधीक्षकांनी पाण्याची बाटली आपल्याकडे ओढून घेतली आणि जाहीर केलं की लोकभावना लक्षात घेता निर्णय पुढे ढकलण्यात येत आहे.

पुढे ढकलला म्हणजे रद्द झाला नव्हे, हे धुलाईघराच्या बायकांना कुणी शिकवायला नको. ठेकेदार हा डाग असा आहे की तो एका धुण्यात जात नाही. पण त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर बहिऱ्या नवऱ्यानं आपणहून विचारलं, काय ग, आज तू म्हणे बोललीच नाहीस? त्याला ते ऐकू आलं होतं.

थोड्या दिवसांनी कल्पक धुलाईघरात आला. नाकाला रुमाल होता. कंपनीला मागची अर्धी हवी होती, सगळी. या वेळी रीतसर, परवानगीच्या कागदासह. भोंगाबाईनं हात पुसून कागद घेतला. वर तिचं नाव होतं, हजेरीपटावरचं, पूर्ण, आणि पुढे लिहिलं होतं ‘व इतर’.

“इतर म्हणजे कोण?” तिनं विचारलं.

कल्पक म्हणाला की ती एक पद्धत आहे. भोंगाबाईनं कागद परत दिला. वन्संचं नाव वर पाहिजे, माझं खाली, आणि इतर हा शब्द मला या इमारतीत दिसता कामा नये. कल्पक आनंदानं गेला, नाव दुरुस्त करून घेऊन आला. वन्संनी सावकाश सगळा कागद वाचला, त्याला आपल्या नावातली एक चूक दाखवली आणि पुन्हा पाठवला. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. आता सगळं बिनचूक होतं. त्यानं पेन पुढं केलं.

पेन आधी भोंगाबाईनं घेतलं, सवय जाते कुठं. तिनं कागदावर ‘ना’ लिहिलं. तिच्या त्या फलकी अक्षरात एवढ्यातच कागद संपला. मग वन्संनी पेन घेतलं आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत बारीकसं ‘ही’ लिहिलं.

कल्पक कागदाकडे बघत राहिला. मग इतकी धावपळ कशाला करायला लावली, असं त्यानं विचारलं. आवाज खरोखरच दुखावलेला होता.

“नीट विचारल्याशिवाय नीट नाही म्हणता येत नाही,” भोंगाबाई म्हणाली. “आता खाली बारीक अक्षरात लिही, सर्व हक्क राखीव.”

रुळांतून नवी चादर बाहेर पडत होती. दोघींनी टोकं धरली आणि मागं सरल्या. कल्पक दाराशी घुटमळला. दोघींच्या तोंडातून एखादी घोषणा निसटेल म्हणून असावं. भोंगाबाईनं ओठ घट्ट मिटले होते.

“आणि तो कागद घडी घालून ने,” वन्सं म्हणाल्या. “टोकाला टोक लाव.”